पोळ्याचे दोन बैल आणि एक ‘हॅविंग’

पत्र असं आहे. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात एक ताई चार वर्षांपासून संध्याकाळी समाज मंदिरात इंग्रजीची शिकवणी घेतात. त्या लग्न होऊन या गावात आल्या. इंग्रजी घेऊन बी.ए. केलेलं. सतरा मुलं, महिन्याला दोनशे रुपये, त्यातले निम्मे ‘कापूस विकला की देतो’ या बोलीवर. पोळ्याला सहावीतल्या एका मुलाने नागपूरच्या मामाला फोनवर स्वतः लिहिलेला निबंध वाचून दाखवला. पहिलंच वाक्य होतं, “वुई आर हॅविंग टू बुलॉक्स.” मामा हसत सुटले. म्हणाले, “पोळ्याले बैल खाऊन राहिले का बे तुम्ही?” घरात त्याच सकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावलेली. पोरगा रडला, बापाला राग आला आणि दुसऱ्या दिवसापासून मुलगा वर्गात यायचा बंद झाला. ताईंनी मग वर्गात नियम केला, वऱ्हाडी बोलायचं नाही, शुद्ध मराठीच बोलायचं. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या बोलीतलं ‘करून राहिलो’ (म्हणजे ‘करतो आहे’) मुलांच्या इंग्रजीत क्रियापदामागचं आयएनजी (-ing) होऊन घुसतं. त्या विचारतात, “हे ‘राहिलो’ मुलांच्या तोंडून काढायचं कसं? की मलाच येत नसेल तर वर्ग बंद करावा?”

ताई,

तुमचं पत्र वाचून मला आधी माझंच एक वाक्य आठवलं. नव्वदच्या दशकात मी नागपूरला एका कचेरीत मुलाखतीला गेलो होतो. कुठले, असं विचारल्यावर मी ताठ बसून म्हणालो, “आय ॲम बिलॉन्गिंग टु यवतमाळ डिस्ट्रिक्ट.” समोरचे साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, “अँड व्हेन विल यू स्टॉप?” बाकीचे दोघं हसले, मीही हसलो. ते कशाला हसले ते मात्र मला परतीच्या एसटीत, देवळी मागे पडल्यावर कळलं. बिलॉन्ग-ला आयएनजी लावलं, म्हणजे मी यवतमाळचा असणं हे सध्या चालू असलेलं काम झालं, पाणी देण्यासारखं. आज सुरू आहे, उद्या मोटर बंद केली की संपलं. ‘मग बंद कधी करणार?’ एवढंच साहेबांनी विचारलं होतं.

नोकरी मिळाली नाही, पण आयएनजी म्हणजे काय ते त्या दिवशी जेवढं समजलं तेवढं कोणत्या तक्त्यातून समजलं नव्हतं. म्हणून मामांच्या हसण्याकडे जरा माझ्या बाजूने बघा. त्यांचा विनोद व्याकरणाच्या हिशेबाने अगदी बरोबर होता. हॅव म्हणजे जवळ असणं, तेव्हा त्याला आयएनजी लागत नाही. आयएनजी लावलं की ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी चाललं आहे. हॅव-च्या बाबतीत चालणारी गोष्ट म्हणजे बहुतेक वेळा जेवण. ‘वुई आर हॅविंग लंच’ हे शंभर टक्के बरोबर इंग्रजी आहे. वाक्य तेच, फक्त जेवणाच्या जागी बैल आले. सणाच्या दिवशी लेकरावर असा विनोद करावा का, हा वेगळा प्रश्न. मामा आहेत, त्यांना कोण बोलणार.

आता तुमच्या मूळ समजुतीकडे येतो, कारण मला ती पटलेली नाही. ‘हॅविंग’ वऱ्हाडीतून आलं असं तुम्ही धरून चालला आहात. जरा त्या पोराचं वाक्य वऱ्हाडीत करून बघा. “आमच्याजवळ दोन बैल असून राहिले.” बोलेल का असं कोणी? दारव्ह्यात नाही, दिग्रसला नाही, चिखलीतही नाही. आपला माणूस म्हणतो, “आमच्याजवळ दोन बैल आहेत.” त्या वाक्यात ‘राहिले’ कुठंच नाही. मग आयएनजी आलं कुठून?

माझा संशय तक्त्यावर आहे. तुमच्याकडेही असेल तो भिंतीवर, नाहीतर वहीच्या मागच्या पानावर. कर्ता, मग ॲम-इज-आर, मग क्रियापद, त्याला आयएनजी. समोर मराठी अर्थ: ‘मी पुस्तक वाचत आहे.’ मला सांगा, तुमच्या वर्गातलं एक तरी लेकरू घरी ‘वाचत आहे’ असं बोलतं का? ते म्हणतं, वाचून राहिलो. ‘वाचत आहे’ त्याच्यासाठी पुस्तकातलं वाक्य. त्याचा अर्थ त्याला आतून कळत नाही, म्हणून ते खूण शोधतं. आणि खूण कोणती सापडते? शेवटचा ‘आहे’. शेवटी ‘आहे’ आलं की ॲम-इज-आर आणि आयएनजी, असा हिशेब पोरं गुपचूप बसवून घेतात. मग ‘दोन बैल आहेत’ यालाही तोच हिशेब. ‘मले माहीत आहे’ याचं ‘आय ॲम नोइंग’ होतं. ‘मले दोन बहिणी आहेत’ याचं ‘आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स’.

म्हणजे ज्या शुद्ध मराठीला तुम्ही औषध समजून वर्गात आणलं, दुखणं तिच्याच शेपटाला बांधून आलेलं आहे. उलट तक्त्यावर ‘आय ॲम रीडिंग’ समोर ‘मी वाचून राहिलो’ असं लिहिलं असतं, तर त्या पोराने बैलांच्या वाक्यात ‘राहिले’ शोधलं असतं, ते सापडलं नसतं, आणि त्याने ‘वुई हॅव’ लिहिलं असतं.

हे मी बोलीच्या प्रेमापोटी म्हणत नाही. आयएनजीचे जे चार-पाच उपयोग इंग्रज माणूस रोज करतो, त्यातले बहुतेक आपल्या ‘राहिलो’त जसेच्या तसे बसतात. आत्ता चाललेलं काम तर झालंच. पण ‘तो सध्या अमरावतीले राहून राहिला’ हे बघा. यात कायमचं बिऱ्हाड नाही, कॉलेज आहे तोवर खोली केली आहे. इंग्रजीत हेच ‘ही इज लिव्हिंग इन अमरावती’, आणि जन्मापासून तिथंच असेल तर ‘ही लिव्ज’. आपणही तेव्हा ‘तो अमरावतीले राहते’ म्हणतो. मग रोजचं आणि आत्ताचं. ‘बाबा वावरात जाते’ आणि ‘बाबा वावरात जाऊन राहिले’ यात तुमची मुलं कधी चुकत नाहीत. पण इंग्रजीत तीच मुलं ‘माय फादर इज गोइंग टु फार्म डेली’ लिहितात, कारण इंग्रजी लिहिताना ती स्वतःच्या भाषेतून विचार करत नाहीत, तक्त्यातून करतात.

उद्याचंही तसंच. ‘उद्या लग्नाले येऊन राहिले ना?’ असं आपण विचारतो. इंग्रजही ‘आर यू कमिंग टुमॉरो?’ असंच विचारतो. ठरलेलं आहे, गाडी सांगितली आहे, म्हणून चालू असल्यासारखं बोलायचं. याला तक्त्यात ‘चालू वर्तमानकाळ’ म्हणतात, आणि मग हुशार मुलगा विचारतो की मॅडम, उद्याचं लग्न वर्तमानकाळात कसं? त्याला नियम सांगू नका. त्याला विचारा, घरातून आई हाक मारते तेव्हा तू अंगणात खेळता खेळता ‘आलो!’ म्हणतोस, तेव्हा तू खरंच आलेला असतोस का? काळाची नावं आणि काळाचं वागणं यांची आपल्याकडेही फारशी गाठ नसते.

एक उपयोग तर इतका आपला आहे की तो शिकवताना तुम्हालाच हसू येईल. ‘ही इज स्टबर्न’ म्हणजे हा हट्टी आहे, स्वभावच तसा. ‘ही इज बीइंग स्टबर्न’ म्हणजे एरवी बरा असतो, आज हट्टीपणा करून राहिला. बी.ए.ला मी हा ‘बीइंग’ तीनदा वाचला आणि तीनदा सोडून दिला. कोणी एकदा ‘लय शहाणपणा करून राहिला आज’ एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं.

आता तुमच्या बाजूचं जे खरं आहे तेही सांगतो. ‘राहिलो’ आयएनजीपेक्षा रुंद आहे. आपण म्हणतो, ‘मले असं वाटून राहिलं’, ‘तिकडं टॉवर दिसून राहिला’, ‘आता समजून राहिलं’. इथे इंग्रजी साधंच राहतं: आय थिंक, आय सी, आय अंडरस्टँड. या जागी वऱ्हाडी पोरगं ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ म्हणणार, हे कबूल. पण शुद्ध मराठीने हे टळेल ही आशा सोडा. पुण्याचा माणूस काय म्हणतो? मला असं वाटतंय. मला दिसतंय. कळतंय मला. तेही चालूच आहे की. हिंदीवाला ‘लग रहा है, दिख रहा है’ म्हणतो. ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ हे वाक्य तुम्हाला देशात कुठेही ऐकू येईल. त्याचा दोष एकट्या वऱ्हाडीला देऊ नका.

या मूठभर क्रियापदांसाठी एक सोपी सोय करता येईल. वर्गात त्यांना काहीतरी नाव द्या. मी असतो तर ‘खुंट्याची क्रियापदं’ म्हटलं असतं. बैल चालतो, खुंटा एका जागी असतो. जवळ असणं, माहीत असणं, हवं असणं, आवडणं, पटणं, कोणाचं तरी असणं, दिसणं, ऐकू येणं, समजणं, यांत कोणी काही करत नाही. ते नुसतं असतं. हॅव, नो, वाँट, लाइक, बिलीव्ह, बिलॉन्ग, सी, हिअर, अंडरस्टँड. हे शब्द एका पाठपुठ्ठ्यावर लिहून टांगा, वर खुंट्याचं चित्र काढा. महिनाभर कोणी चुकलं की नुसतं त्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवा, बोलू नका.

पण सोबत हेही सांगा की खुंटा कधीकधी उखडतो. हॅव म्हणजे जेवणं, आंघोळ करणं असेल तर आयएनजी लागतं. थिंक म्हणजे मत असेल तर खुंटा, विचार करत बसणं असेल तर बैल, म्हणून ‘आय ॲम थिंकिंग’ बरोबर आहे. सी-चं म्हणाल तर ‘आय ॲम सीइंग हर’ हे वाक्य बरोबर आहे, पण त्याचा अर्थ आपलं तिच्याशी जुळलं आहे असा होतो. नववी-दहावीच्या पोरांना हे एकदा सांगितलंत तर ते जन्मभर विसरणार नाहीत. आणि एखादा नक्की विचारेल की मॅकडोनाल्ड्सवाले ‘आयम लव्हिन इट’ कसं लिहितात. २००३ पासून लिहितात, आणि मोडलेला नियम कानाला खटकतो म्हणूनच लक्षात राहतो. जाहिरातीत चालतं, परीक्षेत नको, एवढं उत्तर पुरे.

मुलांना एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा. हे आयएनजी आज इंग्रजीत जितकं पसरलं आहे तितकं पूर्वी नव्हतं. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये राजपुत्र पुस्तक वाचत असतो आणि म्हातारा पोलोनियस त्याला विचारतो, ‘व्हॉट डू यू रीड, माय लॉर्ड?’ तेव्हा ते बरोबर होतं. चारशे वर्षांनी तुमच्या वर्गात कोणी तसं विचारलं तर तुम्ही लाल पेनने ‘व्हॉट आर यू रीडिंग’ कराल. ‘द हाउस इज बीइंग बिल्ट’ हे वाक्य तर फारच उशिरा रूढ झालं. आधी नुसतं ‘द हाउस इज बिल्डिंग’ म्हणत, आणि नवं रूप आलं तेव्हा एकोणिसाव्या शतकात तिकडच्या शिकल्या-सवरल्या लोकांनी त्याला नाकं मुरडली. म्हणजे आयएनजी कुठं लावायचं यावरून खुद्द इंग्रजांच्या घरात भांडणं झालेली आहेत. आपल्या सहावीतल्या पोराला त्यात एक चूक माफ असावी.

माझ्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटली. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. तुमच्या वयावरून तुम्ही त्या पहिल्या काही तुकड्यांतल्या दिसता. म्हणजे तुम्हाला आमच्यापेक्षा चार वर्षं जास्त मिळाली, पण तक्ता तोच मिळाला. तुम्हाला इंग्रजी येत नाही असं नाही. तुमचं पत्र वाचून मला तरी तसं वाटलं नाही. तुम्ही जसं शिकलात तसं शिकवलंत, आणि त्यात एक भोक होतं ते आता दिसलं. एवढ्यावरून वर्ग बंद करायचा तर राज्यातल्या अर्ध्या शिकवण्यांना कुलपं लागतील.

वर्ग बंद केल्याने काय होईल याचाही हिशेब करा. ती सतरा मुलं दारव्ह्याच्या शिकवणीला जाणार नाहीत, ऑटोचे पैसे आणि अंधारात परत येणं कोणत्या घराला परवडतं? ती संध्याकाळी मोबाइल घेऊन बसतील. तेव्हा तो विचार बाजूला ठेवा.

वऱ्हाडीबंदीचा नियम मात्र उद्याच मोडा. कारण पत्रातच आहे, तुमच्या लक्षात आलं नसेल. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही लिहिलं आहे, “पाचवीतली एक मुलगी सगळ्यात जास्त बोलायची, आता तीही गप्प असते, बहुतेक अभ्यासाचं टेन्शन असेल.” टेन्शन नाही ताई. तिला आता एक वाक्य बोलायला तीन भाषा ओलांडाव्या लागतात. आधी मनातलं वऱ्हाडी, मग तुमच्या धाकाचं शुद्ध मराठी, मग इंग्रजी. मधल्या दाराशी ती अडकते. तुम्ही त्या गावच्या नाहीत असं लिहिता, पण कुठल्या ते लिहिलेलं नाही. तुमच्या माहेरी ‘जातोय’ म्हणत असतील आणि इथलं ‘जाऊन राहिलो’ कानाला टोचत असेल, तर ते मी समजू शकतो. पण मग तो प्रश्न तुमच्या कानाचा झाला. मुलांच्या इंग्रजीशी त्याचा संबंध नाही.

शुद्ध मराठी शिकवूच नये असं मी म्हणत नाही. अर्ज, मुलाखत, परीक्षा, सगळीकडे ती लागते. तिची वेगळी वेळ ठेवा, आठवड्यातून एक दिवस. इंग्रजीच्या तासाला मुलांना ज्या भाषेत स्वप्नं पडतात त्या भाषेतून वाट काढू द्या. करून बघायला एक खेळ सांगतो. एक मुलगा उभा राहून काहीतरी करून दाखवतो, दुसरा विचारतो, ‘काय करून राहिला बे?’, तिसरा इंग्रजीत सांगतो. ‘ही इज स्वीपिंग.’ ‘शी इज पिकिंग कॉटन.’ मग अचानक तुम्ही म्हणायचं, ‘त्याच्याजवळ काय आहे?’ आणि जो ‘ही इज हॅविंग’ म्हणेल तो बाद. दहा मिनिटांत पुठ्ठ्याची गरज उरणार नाही.

ज्या गावांत अशा शिकवण्या चालतात तिथल्या इतरांनीही भिंतीवरचा तक्ता एकदा उतरवून पाहावा. अर्थाच्या रकान्यात पुस्तकातलं मराठी खोडून आपल्या गावचं लिहावं. चंद्रपूरकडे, गोंदियाकडे, जिथं जे बोलतात ते. एक संध्याकाळ लागते.

राहिला तो मुलगा आणि त्याचे वडील. तुम्ही त्यांना फोनवर समजावलंत, त्यांनी ‘पाहू’ म्हणून ठेवून दिला. फोनवर समजूत निघत नाही. घरी जा, आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत जाऊ नका, कोणी घरी सापडणार नाही. गेल्यावर मामांचा विषय काढू नका, नाहीतर बायको माहेरची बाजू घेईल आणि चहा थंड होईल. सरळ म्हणा, ते वाक्य चुकलं होतं आणि ते माझ्या शिकवण्यामुळे चुकलं. गावात मास्तर लोक असं कबूल करत नाहीत, त्यामुळे समोरचा माणूस थोडा गोंधळतो. तेवढ्यात मुलाला हाक मारा आणि त्याला गोठ्याकडे घेऊन जा. त्याची वही मागा. जुन्या वाक्यावर फुली मारू नका, त्याच्याखाली त्याच्याच हाताने दोन वाक्यं लिहून घ्या: वुई हॅव टू बुलॉक्स. दे आर ईटिंग.

पुढच्या पोळ्याला मामांना फोन त्यालाच करू द्या.